नकली गाडीची पाहणी

सिग्नलला माझ्या शेजारी एक लाल गाडी येऊन थांबली आणि मला ती हवीशी वाटली. एवढंच झालं. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत याची दखल घ्यायचं कारण नव्हतं. माणसांना दिवसातून दहा वस्तू हव्याशा वाटतात आणि जेवणापर्यंत त्या विसरूनही जातात. ही गाडी इतकी बुटकी होती की तिचं छप्पर माझ्या खिडकीच्या खालच्या कडेला लागत होतं, आणि मला वरून तिच्या आतलं, चालवणाऱ्याच्या मांडीपर्यंतचं, सगळं दिसत होतं. चालवणारा म्हातारा होता. पांढरे केस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, दोन्ही हात स्टिअरिंगवर सारख्या अंतरावर, शेजारी परीक्षक बसल्यासारखे. गाडी खरी नाही हे मला बघताक्षणी कळलं. असल्या खऱ्या गाड्या जगात मोजक्या, आणि ज्यांच्याकडे त्या असतात ती माणसं शेजारच्या सीटवर बाजाराच्या पिशव्या ठेवत नाहीत. दाराची कडी एका साध्या, चार दारांच्या घरगुती गाडीची होती. ती कडी मी आजवर हजारभर तरी चेपलेल्या दारांवर पाहिली असेल. इंजिनाचा आवाजही त्याच गाडीचा. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट पुढे बोटभर आणि मागे काडीभर. म्हणजे खाली जुन्या गाडीचा सांगाडा, वर फायबरचं अंग, कोणीतरी घरी बसून केलेलं. हे सगळं तीन-चार सेकंदांत डोक्यात नेहमीसारखं मांडून झालं, आणि तरीही बरगड्यांच्या खाली काहीतरी हललं. मला आधी वाटलं, पित्त. सकाळपासून चहावर चहा झाला होता. मग हळूहळू ओळख पटली, काहीतरी हवंसं वाटणं ते हेच. दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला, लाल गाडी पुढे गेली. तिच्या मागच्या काचेवर आतून कागद चिकटवलेला होता, ‘विकणे आहे’, आणि खाली फोन नंबर. तो मी लिहून घेतला नाही. इंजिनावरचे आणि चॅसिसवरचे आकडे वाचण्यात ज्याची हयात गेली त्याला एक फोन नंबर लिहून घ्यावा लागत नाही.

माझं काम विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या पाहण्याचं. गाडी गॅरेजमध्ये उभी असते, मालक बाजूला चुळबुळ करत असतो, गॅरेजवाला सगळंच नवीन घालावं लागेल असं सांगत असतो, आणि मी खिशातलं लोहचुंबक काढतो. दारावर चुंबक चिकटलं नाही की तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे, म्हणजे हे दार आधीही ठोकलेलं आहे, म्हणजे मालक सांगतो त्यातलं निम्मं खोटं. मग मी एक-दोन-तीन करत दोष सांगत जातो आणि माझा कनिष्ठ ते उतरवून घेतो. ऑफिसात मला पाठीमागे ‘घसारा’ म्हणतात. वापराने वस्तूची किंमत जितकी घटते तो घसारा, आणि तो माझ्याइतक्या सढळ हाताने कोणी लावत नाही. हे नाव मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कोणाचीच पंचाईत होत नाही. आमच्या फॉर्मवर पहिला रकाना नुकसानीच्या तारखेचा असतो. तो भरल्याशिवाय पुढचं काही वाचलं जात नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत मला हा रकाना भरता आला नसता. दोन वर्षं झाली असतील, कदाचित तीन. एके दिवशी लक्षात आलं की जेवताना मीठ कमी-जास्त झालेलं कळतं, पण आवडलं की नाही ते कळत नाही. बातम्या कळतात, वाईट वाटत नाही. थोरल्या बहिणीचे यजमान गेले तेव्हा सगळे रडत होते आणि मी त्यांच्या दिवाणखान्याच्या छताला ओल कुठून येतेय ते शोधत होतो. ती गच्चीवरच्या टाकीतून येत होती आणि माझा अंदाज बरोबर ठरला. डॉक्टरने रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, सगळं नॉर्मल म्हणाला, आणि मी त्याला म्हणालो की तुमच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे.

घरी गेल्यावर बायकोला सांगितलं की एक गाडी पाहून येणार आहे. ती भाजी निवडत होती. कोणाची, म्हणाली. स्वतःसाठी, म्हटलं. कसली ते सांगितल्यावर तिने मान वर केली आणि मी चेष्टा करतोय का ते पाहिलं. चेष्टा नाही असं दिसल्यावर, ‘बघून या,’ एवढंच म्हणाली. मी बघून येईन आणि नाही म्हणेन याची तिला खात्री असावी. तीस वर्षांच्या संसारात मी बघून आलो आणि हो म्हणालो असं फारसं घडलेलं नाही. एकदा मी आठ दिवस बाहेरगावी होतो तेव्हा तिने एकटीने स्वयंपाकघराची भिंत पिवळी रंगवली होती. परत आलो तेव्हा बॅग हातातच होती माझ्या. मी म्हणालो, स्विचबोर्डपाशी रोलरची रेघ दिसतेय. आणि ती होतीच. पुढच्या आठवड्यात भिंत पुन्हा पांढरी झाली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मुलाच्या बाबतीत तर मी कागदच केला होता. त्याला सायकली बनवायच्या होत्या, ज्याच्या-त्याच्या मापाच्या, हाताने नळ्या जोडून. दोन मित्र, एक भाड्याची जागा, सगळं ठरवून तो माझ्यासमोर वही घेऊन बसला. तेवीस वर्षांचा होता. बोलताना त्याचे हात हवेत सायकलीचा आकार काढत होते. मी एक रात्र मागून घेतली आणि सकाळी त्याला सात मुद्दे दिले. सातही बिनतोड होते. त्याने ते उभ्याउभ्या वाचले, घडी घातली, आणि म्हणाला, ‘बरं झालं सांगितलंत, बाबा.’ आता तो दूर एका मोठ्या कंपनीत आहे आणि रविवारी फोन करतो. आईशी बराच वेळ बोलतो. मग मला विचारतो की गाडीचा विमा कधी संपतोय.

जुनी गाडी, त्यातून नकली, शहाणपणाने कशी घ्यावी याचे नियम मला कोणी शिकवायला नकोत. उलट लोक मला फोन करून विचारतात. पहिलं म्हणजे कागद. सांगाडा ज्या गाडीचा आहे तिचा नंबर कागदावर आहे का, आणि वरचं अंग बदलल्याची नोंद झालीय का. नसेल तर गाडी कितीही सुंदर असो, कागदोपत्री ती घरगुती डबाच आहे आणि अपघात झाला तर माझ्यासारखाच कोणी येऊन क्लेम नाकारणार. दुसरं, इंजिन थंड असताना जायचं आणि मालकाला आधीच सांगायचं की सुरू करून ठेवू नका, कारण गरम इंजिन खोकत नाही. जुने कपडे घालायचे आणि गाडीखाली झोपायचं, कारण फायबर गंजत नाही पण त्याखालचं लोखंड झाकलं गेल्यामुळे बिनबोभाट गंजतं. बनवताना काढलेले फोटो मागायचे. ज्याने मनापासून काम केलंय त्याच्याकडे ते असतातच. का विकताय, हे दोनदा विचारायचं, एकदा आल्याआल्या आणि एकदा निघताना; दोन उत्तरं वेगळी आली तर सरळ घरी यायचं. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा नियम, की पहिल्या भेटीला खिशात पैसे न्यायचे नाहीत. माणूस भुलतो आणि इसार देऊन बसतो. हे सगळं मी शनिवारी दुपारी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून काढलं, गरज नसताना. लिहून झाल्यावर तो मी दोनदा वाचला आणि मला बरं वाटलं.

रविवारी फोन करून गेलो. म्हाताऱ्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा होता. दंतवैद्य मापं पाठवतात, हा कवळ्या करून देतो. तळमजल्याची लांबट खोली, भिंतीभर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली नावाची चिठ्ठी. मी आलो तेव्हा एक बाई काउंटरवर कवळी काढून ठेवत होत्या. डाव्या बाजूला बोचतं म्हणाल्या. कवळीवाल्यांनी त्यांना बोट लावून नेमकी जागा दाखवायला सांगितलं, तिथे पेन्सिलीने खूण केली आणि कवळी खणात ठेवून दिली. बुधवारी या, म्हणाले. बाई म्हणाल्या, अहो, तोवर जेवू काय मी, द्या तशीच, घेईन चालवून. तोंडात दात नसल्यामुळे त्यांचे शब्द विरघळून येत होते. ‘बोचतं म्हणालात ना,’ कवळीवाले शांतपणे म्हणाले, ‘मग आता देता येत नाही. सांगितलं नसतंत तर गोष्ट वेगळी.’ बाईंनी तोंडावर रुमाल धरला आणि गेल्या. त्या गेल्यावर ते मला म्हणाले की आमच्या धंद्यात हा एकच कायदा आहे. कुठे बोचतं ते माणसाने एकदा दाखवलं की ती वस्तू दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. मला हे आवडलं. कामात काटेकोर माणूस आहे असं मी मनात नोंदवलं.

गाडी मागच्या शेडमध्ये होती, दिवसाच्या चांगल्या उजेडात. का विकताय, मी विचारलं. ‘बसता येतं, उठता येत नाही,’ ते म्हणाले. गुडघे गेले होते. बायको होती तोवर हात धरून ओढून काढायची. ती जाऊन वर्ष झालं. आता बाजारात जाऊन आलं की रस्त्यावरच्या कोणा अनोळखी माणसाला हाक मारावी लागते, आणि लोक ओढतातही, पण हसतात. खरी गाडी त्यांनी कधीच पाहिली नव्हती. एका दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत पडलेल्या मासिकातलं एक पान त्यांनी न विचारता फाडून आणलं होतं, बस. आधी तळहाताएवढी गाडी केली, कवळीच्या प्लास्टिकची, हिरड्यांच्या गुलाबी रंगाची. ती अजून फळीवर दोन जबड्यांच्या मधे उभी होती. मग पूर्ण मापाची, नऊ वर्षं, आधी प्लास्टरचा साचा आणि त्यावरून फायबर. फोटोंचा गठ्ठा त्यांनी न मागता आणून दिला. कागद चोख होते. मी सवयीने चुंबक काढून दाराला लावलं आणि ते घसरून खाली पडलं. मडगार्डला लावलं, छपराला लावलं, कुठेच धरेना. नियमाप्रमाणे ही सगळी गाडीच पुट्टी होती. मी चुंबक खिशात टाकलं आणि बोटाच्या पेराने ठोकत ठोकत तिच्याभोवती फिरलो, मग जमिनीवर पोतं टाकून खाली शिरलो. गाडीखाली झोपून वर बघण्यात मी आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली आहेत आणि दुसरीकडे कुठे मी इतका निवांत असतो असं मला वाटत नाही. वेल्डिंग एका माणसाच्या हाताचं होतं, सुरुवातीचं गबाळं आणि पुढे पुढे सुधारत गेलेलं; पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत सरकत जाताना एक माणूस नऊ वर्षांत कसा शिकत गेला ते दिसत होतं. असं काही मी आधी पाहिलं नव्हतं. गिअरच्या दांड्याची मूठ त्यांनी दातांच्याच मसाल्याची केली होती, किंचित पिवळसर. पांढरीशुभ्र का नाही, मी विचारलं. ते म्हणाले, खोटे दात अगदी पांढरे, अगदी सरळ केले की लांबून ओळखू येतात. एखादा जरासा वाकडा बसवावा लागतो.

चालवून बघा, म्हणाले. मी बसलो, म्हणजे जवळजवळ पडलोच. ते शेजारी बसले. रस्ता एकदम जवळ आला. शेजारून जाणाऱ्या बसचं चाक माझ्या डोक्याच्या उंचीचं होतं, त्याच्या नटांवरचा चिखल दिसत होता, आणि इंजिन माझ्या ओळखीचं, साधं, बाजारहाट करणारं, पण त्याचा थरथराट फायबरमधून थेट पाठीच्या कण्यात येत होता. स्टिअरिंगमध्ये ढील होती. ब्रेक एका बाजूला ओढत होता. हे सगळं मी टिपत होतो आणि त्याच वेळी हसत होतो, हे मला कवळीवाल्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा कळलं. माझा स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही. मला आनंद झाला होता. मी तो शब्द मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला, आणि दर वेळी तो बसला. कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर मी गाडी जरा पळवली आणि डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं, निदान मी तरी तो वारा धरला. परत शेडमध्ये आलो तेव्हा मला उठता येईना. खरं तर मी त्यांना आधी बाहेर काढायला हवं होतं, पण उलट तेच कसेबसे दाराला धरून उभे राहिले आणि त्यांनी मला हात दिला. हात कोरडा होता, प्लास्टरने खरखरीत झालेला. त्यांनी मला ओढून उभं केलं आणि हात सोडण्याआधी विचारलं, ‘काय वाटलं?’

इथे मी काय बोलायला हवं होतं ते आता कोणीही सांगेल. मी म्हणालो, ‘लिहून घ्या.’ त्यात दुष्टावा नव्हता, किंमत पाडायचा डावही नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पाहणी झाली की मी बोलतो आणि समोरचा लिहितो, एवढंच मला येतं. जबड्यांना बांधायच्या चिठ्ठ्यांचा एक तक्ता त्यांनी काढला आणि त्याच्या पाठीमागे लिहू लागले. एक, बॉनेटची फट. दोन, दाराच्या बिजागरीपाशी केसाएवढ्या भेगा. तीन, मागे डिकीत पाणी येतं, रबर बदला. चार, मागच्या डाव्या बाजूला सांगाड्याच्या एका जोडाला तडा गेलाय. पाच, हेडलाइटच्या तारांना फ्यूज नाही. मी बोलत गेलो. माझा आवाज सपाट, स्वच्छ, नेहमीचा होता, आणि बोलता बोलता मघाचं ते सगळं पुन्हा जागच्या जागी निजत गेलं. सतरावा दोष होता की चालकाची सीट स्टिअरिंगच्या मधोमध नाही, दोन बोटं डावीकडे आहे. सतरापैकी चौथा एकच काय तो खरा महत्त्वाचा, आणि तोही अर्ध्या दिवसाच्या वेल्डिंगचा. बाकीचे असे की त्यांच्यासकट ती गाडी आणखी वीस वर्षं पळाली असती. ते मी सांगितलं नाही. शाबूत असलेल्या भागांना आमच्या फॉर्मवर रकाना नाही. कवळीवाल्यांनी सगळं पुन्हा एकदा वाचून दाखवलं, बरोबर आहे ना विचारलं, आणि चिठ्ठ्यांचा तक्ता खिशात घातला. निघताना मी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं की का विकताय. उत्तर तेच आलं. किंमत त्यांनी सांगितली, ती मला मान्य होती, घासाघीस करावी असं मनातही आलं नाही. पुढच्या रविवारी येतो, म्हटलं. खिशात पैसे नव्हते.

तो आठवडा विचित्र गेला. मला भूक लागत होती. सोमवारी मी एका शिक्षिकेच्या गाडीचा बंपर एक पैही न कापता पास केला आणि कनिष्ठाने मला बरं नाही का असं विचारलं. जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये मी त्या गाडीत बसलेला असायचो, खाली, रस्त्याच्या जवळ. तिची बोटभर फट मला सारखी आठवायची. पुढे रुंद आणि मागे अरुंद. कोणीतरी जरासं एका बाजूने हसावं तशी. मला ती फट हवी होती, हे आता स्पष्ट लिहितो. जागेवर नसलेली सीट हवी होती. बायकोने दोनदा माझ्याकडे नीट पाहिलं. बुधवारी मी जेवताना आमटी चांगली झाल्याचं म्हणालो आणि तिने चमचा खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. शुक्रवारी बँकेतून पैसे आणले. शनिवारी पार्किंगमध्ये आमच्या जागेची लांबी-रुंदी मोजली, जी मला पाठ होती. फोन करून मी येतोय असं कळवावं हे सुचलं नाही, कारण मी येणार हे मी सांगितलंच होतं, आणि मी दिलेली वेळ कधी चुकवत नाही.

रविवारी शेडचं दार सताड उघडं होतं. गाडी नव्हती. म्हणजे होती, पण सगळीकडे होती. सांगाडा विटांवर, चाकं भिंतीला टेकून, दारं एकावर एक आडवी, सीट उलटी. प्रत्येक भागावर खडूने आकडा घातलेला. चार नंबरपाशी जुना जोड कापून काढला होता, अगदी स्वच्छ. आणि लाल बॉनेट मधोमध करवतीने उभं चिरून त्याचे दोन तुकडे दोन बाकांवर ठेवलेले. फट नीट करायची तर दुसरा मार्ग नाही, कवळीवाले सांगू लागले, अर्धं अंग नव्याने साच्यातून काढावं लागेल, म्हणजे तुमचा सोळावा मुद्दाही त्यातच निकालात निघतो. त्यांच्या भुवयांवर लाल भुकटी बसली होती. आठवडाभर फार कमी झोपलेले दिसत होते आणि पहिल्या भेटीपेक्षा तरुणही. म्हणाले, आणखी एक सापडला, अठरावा, तुमच्याही नजरेतून सुटला तो. आणि मागच्या खिडकीच्या चौकटीवर बोट ठेवून दाखवला. त्यांचं बरोबर होतं. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात पैशाचं पाकीट होतं आणि ते बोचत होतं. किती दिवस लागतील, मी विचारलं. दोन वर्षं, म्हणाले, नजर टिकली तर. उजवा डोळा आताच धूसर आहे. मग खालच्या आवाजात, काही मोठी गोष्ट सांगावी तसं म्हणाले की नऊ वर्षांत इतकं कोणी बघितलं नव्हतं तिला. शेजारपाजारचे यायचे, वा वा करायचे आणि जायचे. बायकोला तर ती लाल आहे एवढंच ठाऊक. ‘बरं झालं सांगितलंत,’ ते म्हणाले. ‘नाहीतर मी तशीच देऊन बसलो असतो.’

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, आणि कुठे, कोणाच्या तोंडून, ते आठवायला मला वेळ लागला नाही. तेव्हा ते ऐकून मला समाधान वाटलं होतं. माझा मुलगा वही घेऊन समोर बसला होता तेव्हा मला त्याचे हवेतले हात आवडले होते, इतके आवडले होते की मी रात्रभर झोपलो नव्हतो, आणि त्या जागरणात मी मुद्दे काढत बसलो. हे मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

‘मला तशीच हवी होती,’ मी म्हणालो.

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘तशी म्हणजे?’

‘तशीच. फटीसकट. पैसे आणलेत मी.’

‘मग सांगितलंत कशाला?’ त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

मी सवय म्हणालो की काम म्हणालो, आता आठवत नाही. नंतर म्हणालो, ‘आवडली होती मला. फार आवडली होती ती.’

कवळीवाल्यांनी हात पँटला पुसले, शर्टाच्या खिशातून तो चिठ्ठ्यांचा तक्ता काढला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचला आणि उलटून दुसरी बाजूही पाहिली. चेष्टा नव्हती ती. ‘ते यात नाही,’ म्हणाले. मग मला वाईट वाटू नये म्हणून, झाली की पहिला फोन तुम्हालाच करतो असं म्हणाले आणि पॉलिश-कागद घेऊन पुन्हा बाकाकडे वळले. मी थोडा वेळ तिथे उभा होतो. मला रडू येत होतं आणि ते येतंय हे कळत होतं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मला कशाचं तरी दुःख झालं होतं, चांगलं भरभक्कम. पण त्याचा काही उपयोग करून घ्यावा असं तिथे काही उरलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा बायको ओट्यापाशी भांडी विसळत होती. चावी ठेवल्याचा आवाज तिने ऐकला. रिकाम्या हाताने आलोय हे तिने बघितलं नाही, बघायची गरजही नव्हती.

‘काय निघालं तिच्यात?’ तिने विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘मला ती हवी होती. मीच घालवली.’

पाणी चालू होतं. तिने एक ताट विसळलं, उभं करून ठेवलं, मग दुसरं घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात कोट न काढता उभा होतो. तिने विचारलं की हे त्यांना सांगितलं का. सांगितलं, म्हटलं, पण उशिरा. तिने दुसरं ताटही उभं करून ठेवलं. मला वाटलं विषय संपला.

‘मलाही कधी सांगितलं नाहीत,’ ती म्हणाली. पाठ तशीच होती आणि आवाज घरातली साखर संपल्याचं सांगावं इतका साधा. मग तिने नळ बंद केला आणि मी काही बोलतो का याची वाट पाहत तशीच उभी राहिली.